हिजाब म्हणजे बुरखा नव्हे

रविवारच्या पुरवणीतील ‘बुरखा’ शब्दाच्या व्युत्पत्तीवरील लेख वाचला. बुरखा, नकाब आणि हिजाब समानार्थी असल्याचे त्यातील विधान पटणारे नाही. मूळ अरबी ‘बुर्कु’ म्हणजे चेहरा झाकणारे वस्त्र. मराठीत मात्र बुरखा म्हटला की सर्वांग झाकणारा पोशाखच डोळ्यांपुढे येतो. ‘हिजाब’चा मूळ अर्थ आडपडदा. कुराणात (३३:५३) तो याच अर्थाने येतो. वस्त्रांसाठी तिथे ‘खिमार’ (ओढणी) आणि ‘जिलबाब’ (अंगावरचे सैल वस्त्र) हे निराळे शब्द आहेत. आज हिजाब म्हणजे केस झाकणारा स्कार्फ, त्यात चेहरा उघडाच राहतो. कर्नाटकात २०२२ साली वाद उच्च न्यायालयात गेला तो हिजाबाचा, बुरख्याचा नव्हे. अशा नाजूक विषयात शब्दांची सरमिसळ वाचकांची दिशाभूल करते. कृपया दुरुस्ती छापावी.