‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नक्की काय बिघडलं तेही छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक कारखान्याचं गाळप तांत्रिक बिघाडामुळं इतके तास बंद. एफआरपीवर अर्धं पान, संचालकांच्या भांडणावर अर्धं पान, आणि जे बंद पडलं त्याला दोन शब्द. मी फिटर म्हणून लागलो, फोरमन म्हणून बाहेर पडलो, सगळी नोकरी बॉयलर आणि मिल हाऊसच्या मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळं हे दोन शब्द वाचले की डोकं फिरतं, म्हणून हे पत्र.

रोज ५००० टन गाळणारा कारखाना आठ तास थांबला तर साडेसोळाशे टन ऊस गाळायचा राहतो. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन धरा, म्हणजे ऐंशीच्या वर गाड्या यार्डात उभ्या. काट्यावर जायच्या आधी ऊस वाळला तर घट शेतकऱ्याची, काट्यानंतर वाळला तर साखरेचा उतारा घटून तोटा कारखान्याचा. कुणाचं तरी जातंच.

आणि यातले बरेच बिघाड अचानक होत नाहीत हो. फॅन, पंप, मोटर, गिअरबॉक्स, फिरणारी मशीन बिघडायच्या आधी तिची थरथर बदलते, आणि ती थरथर मोजून वाचता येते, त्यालाच व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिस म्हणतात. पूर्वी आम्ही स्क्रू ड्रायव्हर बेरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचो आणि ‘बेरिंग बोलतंय’ म्हणायचो, पण कानाला ऐकू येईपर्यंत बेरिंगचं बरंच आयुष्य संपलेलं असतं. सेन्सरला वरच्या फ्रिक्वेन्सीत ते कितीतरी आधी, काही वेळा महिनेच्या महिने आधी दिसतं.

आता मोजायची मशीनं नाहीत असं नाही, मीटर बऱ्याच ठिकाणी आहेत. वाचणारा माणूस नाही. एक किस्सा सांगतो, कारखान्याचं नाव घेत नाही कारण कुठंही घडलं असतं. बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला धूर ओढून चिमणीकडं ढकलणारा पंखा, भर हंगामात हलायला लागला. बगॅसची, म्हणजे जळणाला वापरलेल्या उसाच्या चोथ्याची, राख ब्लेडवर आपटून ब्लेड झिजतं नाहीतर राख चिकटून बसते, एका बाजूला वजन होतं आणि पंखा डुलतो, हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळ्यांनी तेच धरलं. पेनसारखं मीटर टेकवलं तर थरथरीचा वेग ९ मिलिमीटर प्रति सेकंद. पक्क्या फाउंडेशनवरच्या असल्या मोठ्या मशीनला ४.५ च्या पुढं फार दिवस चालवू नका आणि ७.१ च्या पुढं नुकसान होईल असं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं कोष्टक सांगतं. बाहेरनं माणूस बोलावला, बॅलन्सिंग केलं, ३ वर आलं, चार दिवसांनी परत ८. परत बॅलन्सिंग. मग बेरिंग बदललं, ते पण दोनदा, प्रत्येक वेळी गाळप कमी करून नाहीतर थांबवून, आणि प्रत्येक वेळी पेपरात तुमचे ते दोन शब्द.

आमच्यातच एक डिप्लोमावाला पोरगा होता, पदरचे पैसे घालून पुण्याला व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिसचा कॅटेगरी दोनचा, म्हणजे दुसऱ्या पायरीचा, कोर्स करून आलेला. तो म्हणला, किती हलतंय ते सगळ्यांनी बघितलं, कोण कुणाबरोबर हलतंय ते कुणीच बघितलं नाही. त्यानं पेडेस्टलचा, म्हणजे बेरिंग ज्या आधारावर बसतं त्याचा, पाय, खालची बेसफ्रेम आणि त्याखालचं काँक्रीट अशी तिन्ही ठिकाणी रीडिंग घेतली, नुसती किती ते नाही तर फेज, म्हणजे कोण आधी हलतं आणि कोण मागनं. तीन कोपऱ्यांत सगळं एका तालात, चौथ्या कोपऱ्यात बेसफ्रेम उचलतेय आणि काँक्रीट जागेवर. हातोडीनं ठोकलं तर पोकळ आवाज, खालचं ग्राउट, म्हणजे बेसफ्रेम आणि काँक्रीटच्या मधला भराव, फुटून सुटलेलं. क्लीनिंगच्या बंदमध्ये ते फोडून नॉनश्रिंक, म्हणजे न आकसणारं, ग्राउट भरलं, ते पिकून कडक झाल्यावर बोल्ट आवळले, रीडिंग २.६, हंगाम संपेपर्यंत फॅनला हात लावावा लागला नाही. त्या पोराच्या कोर्सची फी मात्र कारखान्यानं शेवटपर्यंत दिली नाही, ‘आम्ही पाठवलं नव्हतं’ म्हणून. दोन बेरिंगांच्या किमतीचं कुणी काही विचारलं नाही.

या विषयाला आयएसओ १८४३६ च्या दुसऱ्या भागात चार पायऱ्या आहेत. पहिलीला ३० तासांचं ट्रेनिंग, दुसरीला ३८, तिसरीला आणखी ३८, चौथीला ६४, शिवाय प्रत्येक पायरीला अनुभव लागतो, पहिलीला सहा महिने तर चौथीला पाच वर्षं. पहिलीवाला ठरवून दिलेल्या जागी रीडिंग घेतो आणि वाढलं की सांगतो. खरं निदान दुसरी-तिसरीपासून सुरू होतं, पण कारखाने एकाला पहिली करून आणतात, सर्टिफिकेट ऑडिटच्या फाईलला लागतं आणि थरथरीचा आलेख काढणारं काही लाखांचं अ‍ॅनालायझर चीफ इंजिनिअरच्या कपाटात जातं.

वरच्या ट्रेनिंगनं काय फरक पडतो त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण बॉयलर फीड पंपाच्या, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या, मोटरचं. मोटर २९८० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ४९.६७ फेरे, दुप्पट केलं की ९९.३३ हर्ट्झ. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलं, म्हणजे दोघं एका रेषेत राहिले नाहीत, की थरथरीच्या आलेखात या दुपटीवर शिखर दिसतं. पण आपली वीज ५० हर्ट्झची, मोटरमध्ये एअर गॅप (फिरता आणि स्थिर भाग यांमधली फट) किंवा स्टेटरचा (स्थिर भागाचा) दोष असला की शिखर येतं १०० हर्ट्झवर. दोघांत फरक पाऊण हर्ट्झचाही नाही. आलेखात १००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा ४०० लाइनवर, म्हणजे ४०० भाग पाडून, घेतला तर एक लाइन अडीच हर्ट्झची, दोन्ही शिखरं एकच दिसणार, मग फिटर बिचारा रात्रभर मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून अलाइनमेंट करत बसतो आणि सकाळी रीडिंग तेवढंच. शिकलेला माणूस पट्टा २०० हर्ट्झवर आणतो, लाइन १६०० करतो, दोन शिखरं वेगळी होतात. नाहीतर सरळ मोटरची वीज बंद करून बघतो, थरथर त्याच क्षणी गेली तर दोष विजेचा, स्पीड उतरेल तशी हळूहळू उतरली तर मेकॅनिकल. याला पैसा लागत नाही, माहीत असावं लागतं.

हे सगळं सगळीकडं चालतं असंही नाही. मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतात, तिथं साधं मीटर लावून काहीच कळत नाही, ते १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा फेऱ्यांच्या, खालचं बघतच नाही. कुठं मोजायचं नाही हे पण ट्रेनिंगमध्येच कळतं.

माझं म्हणणं एवढंच की ट्रेनिंगला पाठवायचं तर रोज मशीनला हात लावणाऱ्याला पाठवा. आमचे हंगामी फिटर ऑफ सीझनला रिटेन्शनच्या, म्हणजे हंगाम नसताना मिळणाऱ्या भत्त्याच्या, तुटपुंज्या पैशावर घरी बसतात, त्याच महिन्यांत यार्डात सगळी मशीनं उघडलेली असतात, झिजलेलं बेरिंग, खाल्लेलं गिअर, सगळं डोळ्यापुढं. शिकवायला याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली? आणि शिकवा मराठीत. आमची पोरं हुशार आहेत, गिअरचे दात गुणिले फेरे म्हणजे मेशची (दातात दात बसण्याची) फ्रिक्वेन्सी हे पाच मिनिटात कळतं त्यांना, पण शंभर स्लाइड इंग्रजीत बघितल्या की मागच्या बाकावर जाऊन बसतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये, तालुक्याच्या आयटीआयमध्ये अशा बॅच काढता येतील, दोन-चार कारखान्यांनी मिळून एक तिसऱ्या पायरीचा माणूस ठेवला तरी पुष्कळ.

आणि त्या माणसाला मशीन थांबवा म्हणायचा अधिकार पाहिजे. रशियात सायानो-शुशेन्स्काया धरणाच्या वीज केंद्रात १७ ऑगस्ट २००९ ला दोन नंबरचं टर्बाइन कव्हर फोडून उडालं, ७५ माणसं गेली. त्या टर्बाइनची थरथर मर्यादेच्या कितीतरी वर गेलेली होती आणि ती मोजलीही जात होती. आमच्याकडं पण लॉगबुकात ९ लिहिलेलं असतं आणि खाली शिफ्ट इंजिनिअरची सही असते.

म्हणून संपादक साहेब, एक काम तुम्ही करू शकता. पुढच्या वेळी तांत्रिक बिघाड लिहायच्या आधी तुमच्या वार्ताहराला तीन प्रश्न विचारायला सांगा, कुठलं मशीन गेलं, त्याचं शेवटचं रीडिंग कुठल्या तारखेला घेतलं होतं आणि किती आलं होतं. उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर नाही मिळालं असं छापा.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, पश्चिम महाराष्ट्र