आठवीच्या पोरांना रेनेसाँ शिकवायचाय? आधी चुना कालवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात माझी लेक टेस्टसाठी पाठांतर करत होती. लिओनार्दो मोनालिसा, मायकेलअँजेलो डेव्हिड, अगदी पाढे म्हटल्यासारखं. मी सहज विचारलं, मोनालिसा केवढी आहे गं? तर दोन्ही हात फाकवून म्हणाली, भिंतीएवढी. अहो ती 77 बाय 53 सेंटिमीटरची लाकडी फळी आहे, आमच्या किचनच्या खिडकीचं एक झडप त्याहून मोठं! पण यात पोरीची काय चूक, पुस्तकात चित्र बोटभर आणि माहिती दोन ओळी, वर शाळेत टेस्ट जवळ आली की ड्रॉइंगचा तास गणिताला जातो, सगळीकडे हेच चालतं.

मी काही चित्रकार नाही, गिलावा आणि रंगकामाचे ठेके घेतो, सव्वीस वर्षं झाली. मधे सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याचं चुन्याचं काम मिळालं तेव्हा त्यासाठी व्हिडिओ बघत बघत इटलीतल्या रंगवलेल्या भिंतींच्या चर्चपर्यंत पोचलो आणि मग सुटलंच नाही. तेव्हा प्रबोधनयुगातली, म्हणजेच रेनेसाँची, चित्रकला सहावी सातवी आठवीच्या मुलांना कुठून सुरू करून सांगावी यावर माझं एक मत आहे, ते छापावं ही विनंती. माझं म्हणणं एवढंच की नावं आणि सनावळ्या नंतर द्या, आधी पोरांचे हात चुन्यात घाला.

मी ते केलं. एका रविवारी लेक आणि तिच्या चार मैत्रिणींना साइटवर नेलं, जुनी कौलं घेतली, त्यावर चुना-वाळूचा गिलावा आणि वरून नीरूचा (गाळलेल्या बारीक चुन्याचा) पातळ हात मारला आणि सांगितलं की हे ओलं आहे तोवरच रंगवायचं. पाण्यात कालवलेला गेरू, पिवळी माती, काजळी, बस. डिंक नाही, सरस नाही. मग रंग धरतो कसा? तर विझवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि परत चुनखडी होतो, त्या दगडी पापुद्र्यात रंग अडकून बसतो. यालाच फ्रेस्को म्हणतात, इटालियनमध्ये त्याचा अर्थ ताजं. एका मुलीने हुशारी करून घरून हळद आणली होती पिवळ्यासाठी, चुन्याला लागल्याबरोबर लालभडक! सगळ्या ओरडल्या, कुंकू झालं कुंकू. झालं, प्रत्येक रंग चुन्याला टिकत नाही हे वेगळं सांगावंच लागलं नाही.

आता हे हाताला कळलं की सिस्टिन चॅपल, म्हणजे व्हॅटिकनमधलं पोपचं प्रार्थनागृह, सांगा. 1508 ते 1512, जवळपास 20 मीटर उंचीचं छत, आणि मायकेलअँजेलो तिथे झोपून रंगवत होता असं जे सांगतात ते खोटं, त्याने स्वतः परांची डिझाइन केली आणि उभं राहून मान मागे टाकून काम केलं, मान आणि पाठ इतकी गेली की त्यावर त्याने तक्रारीची कवितासुद्धा लिहिली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या एका भागाला बुरशी आली! गिलावा जास्त ओला लागला होता, मग दुसऱ्या जाणकाराने येऊन कारण सांगितलं. मायकेलअँजेलो मुळात मूर्तिकार, फ्रेस्कोचा हात बसलेला नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात हे दर वर्षी होतं आणि कस्टमर शिव्या घालतो, तिथे कस्टमर साक्षात पोप.

फ्रेस्कोत आज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा मारायचा, उरलेला संध्याकाळी खरवडून टाकायचा. लिओनार्दोला ही घाई नको होती. त्याला एक फटकारा मारून दोन दिवस विचार करायचा असायचा. म्हणून मिलानमधलं लास्ट सपर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, साधारण 1495 ते 98, त्याने वाळलेल्या भिंतीवर काढलं, आणि त्याच्या हयातीतच त्याचे पोपडे सुटायला लागले. माणूस जीनियस, पण भिंतीच्या बाबतीत मी त्याला माझ्या साइटवर उभं केलं नसतं. पुढे 1652 मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं, त्यात येशूचे पाय गेले. मग 1978 ते 1999 अशी एकवीस वर्षं दुरुस्ती चालली. पोरांना हे सांगितलं की त्या चित्राकडे बघतात, नुसतं महान महान म्हटलं की जांभया देतात. आणि हो, अजिंठ्याला सरसकट फ्रेस्को म्हणू नका, तिथे भुसा आणि तंतू घातलेला मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्यावर सरसात कालवलेले रंग, तेही याच्या हजारेक वर्षं आधी.

दुसरी गोष्ट पर्स्पेक्टिव्हची, पुस्तकात यथार्थदर्शन म्हणतात. त्यासाठी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं करा, रूळ लांब जाऊन एका ठिपक्यात मिळतात ते दिसेल. मग घरी येऊन खिडकीच्या काचेवर एक डोळा मिटून समोरची बिल्डिंग मार्करने गिरवा आणि गॅलऱ्यांच्या रेषा पट्टीने पुढे वाढवा. अल्बर्टी नावाच्या माणसाने 1435 मध्ये हेच लिहून ठेवलं की चित्र म्हणजे उघडी खिडकी समजा. त्याआधी ब्रुनेलेस्कीने आरसा आणि भोक पाडलेली फळी घेऊन फ्लोरेन्समध्ये हा प्रयोग केला, ज्याने 1436 मध्ये तिथल्या कॅथीड्रलचा घुमट पुरा केला तोच. आणि मासाच्चो या चित्रकाराने साधारण 1427 मध्ये ट्रिनिटी नावाचं भित्तिचित्र काढलं त्यात ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेषा अजून दिसतात, आम्ही लाइनदोरी धरतो तसंच! बिचारा सत्तावीसच्या आसपास गेला.

ही युक्ती पुण्यात कधी आली? 1792 मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार आला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलं, आणि पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा राजदूत मॅलेट याच्या खटपटीतून शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथला आपला गंगाराम तांबट, ज्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. म्हणजे फ्लोरेन्सहून शनिवारवाडा, पावणेचारशे वर्षांचा प्रवास! आणि आपल्या सहली तिथे जातात त्या दिल्ली दरवाजासमोर फोटो काढून भेळ खाऊन परत.

अजून एक, पोरांना त्यांच्या वयाची पोरं दाखवा. मायकेलअँजेलो 1488 मध्ये गिर्लांदायो या चित्रकाराच्या हाताखाली लागला तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे आठवीतलाच की. रंग घोटणं, फळ्या तयार करणं, नकला काढणं. (आज त्या वयाचा पोरगा कामावर ठेवला तर मी आत जाईन, आणि बरोबरच आहे.) याच गिर्लांदायोचं 1485 चं एका अनाथाश्रमाबरोबरचं ॲग्रीमेंट उपलब्ध आहे, 115 फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी), तीस महिन्यांत काम पुरं, आणि निळा रंग औंसाला साधारण चार फ्लोरिनवालाच वापरायचा. तो निळा अफगाणिस्तानातल्या खाणीतल्या दगडाचा, सोन्याच्या तोलामोलाचा. हे वाचून मी खूप हसलो, अमुकच ब्रँडचा रंग लावा, हलका लावून आम्हाला चुना लावू नका, ही अट माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये असते.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या नग्न पुतळ्याचं चित्र वर्गात दाखवायला काही शिक्षक लाजतात असं ऐकलं. पोरं हसतात, हसू द्या, दोन मिनिटांत थांबतात. लंडनच्या म्युझियमला त्याची प्लास्टरची प्रतिकृती आली तेव्हा राणी व्हिक्टोरियासाठी प्लास्टरचं एक पान करून ठेवलं होतं, राणी आली की लावायचं. नंतर पोरांना सांगा की संगमरवराचा तो ठोकळा आधीच्या कारागिरांनी अर्धवट सोडून दिला होता आणि वर्षानुवर्षं तसाच पडून होता, त्यातून पाच मीटरहून उंच माणूस काढला.

या सगळ्याला खर्च किती, तर कौलं भंगारातली, गेरू दहा-वीस रुपयांचा, चुना माझा. कुठल्याही शाळेने बोलावलं तर रविवारी येईन, फक्त हातमोजे आणि चष्मे लागतील कारण चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. लेकीने कौलावर कोंबडा काढलाय, तुरा गेरूचा, शेपूट काजळीची. गच्चीवर उघड्यावर ठेवलाय, पावसाळा संपल्यावर रंग किती राहिला ते कळवतो.

आपला,
एक गिलावा-रंगकाम ठेकेदार,
सिंहगड रोड, पुणे