इंजिनात कोणते ऑइल भरले, ते बिलावर लिहायला लावा : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंजिन बिघडले आणि माणूस वॉरंटी मागायला गेला की पहिला प्रश्न येतो तो ऑइलचा. कोणते होते, कधी बदलले, पुरावा काय? उत्तर देण्याची जबाबदारी गाडीमालकावर असते, पण ते उत्तर ज्या कागदावर असायला हवे तो कागद त्याला कुणी नीट करून देत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी हे पत्र.

सर्व्हिसिंगचे एखादे बिल काढून बघा. त्यावर बरेचदा ‘इंजिन ऑइल, 4 लिटर’ एवढेच असते. ग्रेड (ऑइलचा दाटपणा सांगणारा आकडा) नाही, स्पेसिफिकेशन (ते कोणत्या दर्जात बसते ते) नाही, कधीकधी किलोमीटरचे रीडिंगसुद्धा नाही. ऑइल ड्रममधून भरले असेल तर डबाही नजरेला पडत नाही. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांच्या गाडीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) वॉरंटीत असतानाच गेला. ऑइल त्यांनी बाहेरच्या गॅरेजमध्ये वेळेवर बदलले होते, पावत्याही जपल्या होत्या. सर्व्हिस सेंटरने त्या बाजूला सारल्या आणि विचारले, यात ऑइलची ग्रेड कुठे आहे? प्रश्न रास्त होता. पण त्याच सेंटरच्या जुन्या बिलांवरही ग्रेड नव्हती, आणि ती बिले मात्र पुरावा म्हणून चालत होती. हा दुजाभाव मला सहन होत नाही.

ऑइल मॅन्युअलप्रमाणेच हवे, या अटीबद्दल माझी तक्रार नाही. 5डब्ल्यू-30 ही ग्रेड लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवले, एकावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) या संस्थेचा ए3/बी4 दर्जा आणि दुसऱ्यावर तिचाच सी3 असेल, तर ग्रेड एकच असूनही ती दोन वेगळी ऑइल आहेत. पहिल्यात राख मागे ठेवणारी रसायने जास्त असतात. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा भाग) असलेल्या डिझेल गाडीत तेच भरत राहिले तर ती राख फिल्टरमध्ये साठत जाते. काजळी जळून जाते, राख जळत नाही, आणि शेवटी फिल्टर चोंदतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल इंजिनांचे दुखणे निराळे. कमी आरपीएमवर जोर पडला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकते आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) 2020 मध्ये आलेल्या एसपी दर्जात यासाठी स्वतंत्र चाचणी आहे. त्यामुळे ‘5डब्ल्यू-30 भरले’ एवढे सांगून भागत नाही. शिवाय डब्यावर ‘अमुक कंपनीची मान्यता’ असणे वेगळे आणि ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ असणे वेगळे. दुसरा दावा ऑइल विकणारा स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. गाडी बनवणाऱ्याने ते ऑइल तपासलेले असेलच असे नाही.

मात्र स्पेसिफिकेशन पाळले असेल तर डबा कुणाचा आणि तो कुणी ओतला, यावरून वॉरंटी जाता कामा नये. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ही भूमिका घेतली : ठरावीक ब्रँडचीच वस्तू वापरा अशी अट वॉरंटीला जोडायची असेल तर ती वस्तू फुकट द्या किंवा आधी सरकारची सूट मिळवा. आपल्या स्पर्धा आयोगानेही 2014 च्या आदेशात 14 कार कंपन्यांना बजावले होते की बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकापर्यंत हे पोचलेलेच नाही.

ज्यांची गाडी कमी चालते, त्यांचे तर फारच हाल होतात. मुदत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ अशी असते. गाडी दारातच उभी असते म्हणून लोक किलोमीटर बघतात आणि महिने विसरतात. लहान लहान फेऱ्यांत तर इंजिन पुरते तापतही नाही; पाण्याचा अंश आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते. म्हणूनच मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापरा’साठी मुदत कमी दिलेली असते. लहान फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चालू राहणारे इंजिन हे सगळे त्यात येते. असा वापर कितीतरी लोकांचा रोजचा आहे, पण गाडी हातात देताना हे कुणी समजावून सांगत नाही.

आपल्याकडे मागणे असे. ऑइल बदलाच्या प्रत्येक बिलावर, मग ते कंपनीच्या सेंटरचे असो की बाहेरच्या गॅरेजचे, ब्रँड, ग्रेड, स्पेसिफिकेशन, किती लिटर, तारीख आणि किलोमीटर लिहिणे बंधनकारक करावे. असे बिल असेल तर ते कुठल्याही गॅरेजचे असले तरी पुरावा म्हणून मानावे लागेल, असा नियम करावा. वॉरंटी नाकारायची तर लेखी नाकारावी आणि ऑइलमुळेच हा बिघाड कसा झाला ते त्यात लिहावे. त्याआधी, इंजिन उघडण्यापूर्वी, मालकासमोर ऑइलचे दोन नमुने काढून सील करावेत आणि एक त्याच्या हाती द्यावा. दाटपणा, त्यातली रसायने, धातूचे कण, मिसळलेले इंधन हे सगळे प्रयोगशाळेत तपासता येते. आज ऑइल काढून टाकले जाते आणि मग मालकाकडे तपासायला काही उरतच नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक गाडीमालक