दुसऱ्याच्या चुलीपाशी काढलेली वर्षे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा हिशेबाचा तक्ता दोन्ही मिळाले. तक्ता मी दोनदा वाचला. पहिल्यांदा बँकेच्या कर्ज विभागात २१ वर्षे काढलेल्या बाईच्या सवयीने, हातात पेन्सिल घेऊन, आणि दुसऱ्यांदा रात्री बाबा झोपल्यावर, नुसताच. दोन्ही वेळा माझे उत्तर तेच आले. आमच्या निवृत्तीच्या पैशांतून तुझे रेस्टॉरंट आत्ता उभे करायचे नाही, असे मी ठरवले आहे. फोनवर हे सांगितले असते तर तू दुसऱ्याच वाक्याला गप्प झाला असतास, म्हणून सविस्तर लिहिते.

तू फ्लॉइड कार्डोझ यांचा दाखला दिला आहेस. वांद्र्यात वाढलेला गोवेकर घरातला मुलगा न्यूयॉर्कमध्ये जाऊन भारतीय जेवणाला मानाचे पान मिळवून देतो, तर मी माझ्याच शहरात एक लहानसे रेस्टॉरंट का चालवू शकणार नाही, असा तुझा प्रश्न आहे. दाखला उत्तम आहे. मात्र त्यातली मधली वर्षे तू गाळली आहेस आणि माझे सगळे म्हणणे त्या मधल्या वर्षांविषयीच आहे.

कार्डोझ यांचा जन्म १९६० सालचा. तुझ्यासारखेच तेही आधी जीवरसायनशास्त्र शिकले आणि मग ती वाट सोडून स्वयंपाकाकडे वळले; मुंबईत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी हॉटेलचे रीतसर शिक्षण घेतले. इथपर्यंत तुमच्या दोघांच्या गोष्टी जुळतात. त्यानंतर ते न्यूयॉर्कला गेले आणि सेंट रेजिस हॉटेलातल्या लेस्पिनास या रेस्टॉरंटमध्ये ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली राबले. कुन्झ हे सिंगापूरमध्ये जन्मलेले स्विस शेफ. फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकात आशियातले मसाले आणि आंबट-तिखट चवी त्यांनी अशा बेताने मिसळल्या, की न्यूयॉर्क टाइम्सने त्या रेस्टॉरंटला आपले सर्वोच्च, म्हणजे चार तारे दिले. तिथे कार्डोझ एकेक पायरी चढत कुन्झ यांच्या खालोखालच्या जागेवर पोचले. पाटी दुसऱ्याची, मेन्यू दुसऱ्याचा, कौतुकही दुसऱ्याचे, आणि आपल्या वाट्याला रोज रात्री प्रत्येक थाळी कालच्यासारखीच बाहेर जाईल याची जबाबदारी! हे काम तू गेली दोन वर्षे करतो आहेस आणि त्याला कंटाळला आहेस, हे मला तुझ्या पत्रातून दिसते. पण मसाल्याच्या डब्यातल्या ज्या वस्तू आपण सवयीने फोडणीत टाकतो, त्यांच्याकडे परक्या नजरेने कसे पाहायचे, हे या मुंबईकराला त्या परक्या स्वयंपाकघरात उमगले असावे, असे मला वाटते. घरी बसून ते उमगले नसते.

न्यूयॉर्कमधले रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मायर यांच्या कंपनीने मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर तब्ला हे रेस्टॉरंट काढले आणि त्याचे स्वयंपाकघर कार्डोझ यांच्या हाती दिले, ते १९९८ च्या अखेरीस. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. तू २४ वर्षांचा आहेस. शिवाय तब्लाचा व्यवसाय सांभाळायला मायर यांच्यासारखा मुरलेला माणूस होता. कार्डोझ यांनी भाड्याची, परवान्यांची आणि पगाराची विवंचना एकट्याने डोक्यावर घेऊन सुरुवात केली नव्हती. वरच्या मजल्यावर बेताबेताने येणारे अनेक पदार्थांचे जेवण आणि खाली ब्रेड बारमध्ये तंदूरमधून निघणाऱ्या गरम रोट्या, अशी ती रचना होती. अमेरिकेतल्या बाजारात त्या त्या ऋतूत मिळणारी भाजी, मासळी आणि मांस घ्यायचे आणि त्याला आपल्याकडचे मसाले लावायचे, ही त्यांची पद्धत. भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातला बुफे, एवढीच ज्या शहराची समजूत होती, त्या शहरातल्या न्यूयॉर्क टाइम्सने १९९९ मध्ये तब्लाला तीन तारे दिले.

आता तुझ्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट सांगते. तीन तारे मिळालेले हे रेस्टॉरंट २०१० च्या डिसेंबरात बंद झाले. जेवण बिघडले म्हणून ते बंद पडले असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. माझा बँकेतला अनुभव एवढेच सांगतो, की दोन मजले रोज भरावे लागतात, आणि २००८ नंतरच्या मंदीत ज्यांनी बाहेरच्या जेवणावरचा खर्च आवरता घेतला, त्यांना चवीच्या जोरावर परत आणता येत नाही. तू पहिल्याच महिन्यापासून दररोज ७० टक्के टेबले भरलेली धरली आहेस. पावसाळा, श्रावण, पितृपक्ष, परीक्षांचा महिना, काहीच वजा केलेले नाही. माझ्यासमोर असा प्रस्ताव अनोळखी माणसाने ठेवला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

तब्ला बंद झाल्यावर काही महिन्यांतच, २०११ मध्ये, कार्डोझ यांनी टॉप शेफ मास्टर्स ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत त्यांनी काय केले ठाऊक आहे? उपमा! रानातले मशरूम, आमसूल आणि नारळाचे दूध घालून केलेला, पण मुळात आपला रव्याचा उपमा, जो तू शाळेत असताना डब्यात दिला की तसाच परत आणायचास. बक्षिसाचे एक लाख डॉलर त्यांनी कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठीच्या निधीला दिले. जीवरसायनशास्त्र सोडून आलेल्या माणसाने ही रक्कम प्रयोगशाळेकडे पाठवावी, याचे मला फार अप्रूप वाटते. हा उपमा त्यांनी पन्नाशीत पोचल्यावर परीक्षकांसमोर ठेवला. चोविसाव्या वर्षी तो कोणी खाल्ला असता की नाही, याचा तूच विचार कर.

नंतरची न्यूयॉर्कमधली वर्षे सरळ रेषेत गेली नाहीत. नॉर्थ एंड ग्रिलमध्ये त्यांनी अमेरिकी धाटणीचा मेन्यू सांभाळला. २०१६ मध्ये 'पाववाला' हे रेस्टॉरंट काढले, दोन वर्षांनी त्याचे रूप आणि नाव बदलून बॉम्बे ब्रेड बार केले, आणि २०१९ मध्ये तेही बंद झाले. एवढे नाव असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडते.

मुंबईत मात्र त्यांचे पाय घट्ट रोवले गेले. समीर सेठ आणि यश भानगे यांच्यासह त्यांनी २०१५ मध्ये लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात बॉम्बे कँटीन सुरू केले, २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या चवींचे ओ पेद्रो आले आणि २०२० मध्ये भायखळ्याचे बॉम्बे स्वीट शॉप. कँटीनमध्ये ज्वारी आणि बार्लीचे सॅलड मिळते. बाबांनी ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा, 'ज्वारीचे एवढे पैसे?' असे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले होते. मी मात्र त्या दिवशी तुझ्या आजीच्या आठवणीने जेवले. त्याच गिरणगावात तिने २६ वर्षे खानावळ चालवली. दहा बाय बाराच्या खोलीत ती गिरणीतल्या २२ माणसांना पाळीप्रमाणे जेवू घालायची. १९८२ च्या संपात त्यांचे पगार थांबले, तरी तिची चूल थांबली नाही; उधारीची वही भरत गेली आणि त्यातली बरीचशी उधारी कधीच परत आली नाही. तिच्यासारख्या खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेतून कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. मी बँकेची परीक्षा दिली, ती ही वही पाहून. तेव्हा जेवणाचा धंदा मला कळत नाही, असे कृपा करून पुन्हा लिहू नकोस.

आणखी एक. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच कमला मिलच्या आवारात, दुसऱ्याच ठिकाणी, गच्चीवर आग लागून १४ माणसे गेली. तुझ्या तक्त्यात सजावटीला साडेचार लाख आहेत. आग विझवण्याच्या साधनांना आणि मागच्या दाराला काहीही नाही. ही चूक हिशेबाची आहे असे मी मानत नाही, म्हणून ती वेगळी लिहिते आहे.

मार्च २०२० च्या सुरुवातीला कार्डोझ मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला परतले, तिथे करोनाने आजारी पडले आणि २५ मार्चला, आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, न्यू जर्सीतल्या रुग्णालयात वारले. वय अवघे ५९. त्यांचे गुरू कुन्झ त्याच महिन्यात, वीस दिवस आधी गेले होते. ज्या माणसाने कुन्झ यांच्याकडे इतकी वर्षे काढली, त्याला त्या आजारपणात गुरूच्या जाण्याची बातमी कशी वाटली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर माझ्या अटी अशा. सध्याची नोकरी सोडायची असेल तर सोड, पण दुसऱ्या मोठ्या शेफच्या हाताखाली जाण्यासाठी; निदान पाच वर्षे. त्या काळात बाहेरगावी राहावे लागले तर खोलीचे भाडे आम्ही देऊ. तक्ता नव्याने कर, टेबले ४० टक्के भरलेली धर, पहिले सहा महिने तोटा दाखव आणि त्या सहा महिन्यांचे पगार कुठून देणार ते लिही. असा तक्ता घेऊन तू आलास, तर मी तो बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना स्वतः दाखवीन आणि बाबांच्या ठेवीचा विषयही तेव्हा काढू.

पुढच्या महिन्यात सुटी मिळाली की दोन दिवस घरी ये. बाबांनी कोकणातून नवी आमसुले आणली आहेत आणि मशरूमचा तो उपमा तू करून दाखवावास अशी माझी इच्छा आहे. उपम्यात आमसूल ही कल्पना बाबांना अजिबात पसंत नाही, पण जेवायला ते थांबतील.

तुझी,
आई