ताई वावर विकायला निघालीय

नाशिक

प्रिय सुभ्या,

आईचे गुडघे सोडले तर सगळं बरं आहे. पत्राचं कारण वेगळंच. ताई नाल्याकडचं वावर विकायला निघालीय, तिच्या मन्याच्या सिकलसेलसाठी, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. तुझ्या दिन्यामुळे तुला फोड करून सांगावं लागणार नाही.

कुणीतरी तिला मोबाइलवर दाखवलं, की जीन कापून हा आजार जातो. ते खोटं असतं तर बरं झालं असतं! कॅसजेव्ही नावाचा उपचार आहे, २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्य केला, डिसेंबरात अमेरिकेने. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणारं बीसीएल११ए नावाचं जनुक असतं. रुग्णाच्याच मूळ पेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने त्या जनुकाचा जोर रक्तपेशींपुरता मोडायचा आणि पेशी परत सोडायच्या. बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू, पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. एवढं ऐकून ताई म्हणाली, "मग सिव्हिलला होईल का?"

अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. अठरा कोटींच्या वर! अख्खा सुरगाणा विकला तरी पुरायचा नाही. शिवाय आधी केमो देऊन हाडातली जुनी मज्जा रिकामी करतात, त्यात पुढे मूल न होण्याचा धोका. हे मी तिला सांगितलेलं नाही.

त्यात दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने २०२५च्या नोव्हेंबरात देशी क्रिस्पर थेरपी जाहीर केली, नाव 'बिरसा १०१', बिरसा मुंडांवरून. नाव ऐकून ताई रडायलाच लागली. "आपल्या माणसाच्या नावाचं औषध!" ते अजून दवाखान्यात मिळत नाही, हे तिच्या गळी उतरत नाही.

डॉक्टर म्हणतात, हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्या, पाणी भरपूर प्या. मन्या गोळ्या चुकवतो आणि कबड्डी मात्र चुकवत नाही. मामावर गेलाय म्हणतात. मामा म्हणजे मी तर नुसता एएस, एकच बिघडलेलं जनुक असलेला वाहक, तुझ्या भाषेत अर्धं तिकीट. (सीबीएस स्टँडवर मला भित्रा म्हणालास ते अजून मान्य नाही. मिसळीचे पैसेही मीच दिले होते.)

जमीन विकू नको, थोडं थांब, असं सांगायचं तर जीभ वळत नाही. दिन्याच्या वेळी सगळे तुझ्या आईला थांबाच म्हणत होते ना रे. पण वावर गेलं आणि मन्याच्या हाती काहीच आलं नाही, तर? खरेदीवाला रविवारी येतोय.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पिंकीला दहावीसाठी शुभेच्छा. इकडे कुंभाच्या कामांनी रस्ते खणलेत, येणार असशील तर द्वारका चौक टाळ.

रविवारच्या आत फोन कर. ताईशी तूच बोल, तुझं ती ऐकते.

तुझा,
बाळ्या