वाहनतळाच्या भिंतीवर एक फलक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या सदरात पुण्यातल्या बंद पडलेल्या थिएटरांविषयी पत्रं येताहेत. बहुतेकांचा सूर एकच : आधी टीव्हीनं मारलं, मग मल्टिप्लेक्सनं आणि उरलंसुरलं मोबाइलनं. मी सरकारी परीक्षा देऊन ऑपरेटरचं, म्हणजे सिनेमाचं मशिन चालवायचं, लायसन्स काढलेला माणूस. पेठेतल्या एका थिएटरच्या केबिनमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. (थिएटरचं नाव देत नाही, मालकांची पुढची पिढी भली आहे.) केबिनच्या झरोक्यातून पडदा दिसतो तशी खालची डोकीही दिसतात. डोकी कमी झाली हे खरं, पण थिएटरं गेली ती एवढ्यानं नाही.

आर्यनचंच बघा. बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ ते सुरू केलं. पुण्यातलं ते पहिलं कायमचं चित्रपटगृह; त्याआधी सगळा तंबूतला कारभार. १९८३मध्ये ते पाडलं. तेव्हा मल्टिप्लेक्स हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, मोबाइल तर सोडाच. दूरदर्शनला रंग येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि रंगीत संच आळीत एखाद्याकडेच. मग आर्यनला कुणी मारलं? गाड्या लावायला जागा हवी होती, म्हणून ते गेलं. शेजारच्या मिनर्व्हाच्या जागीही आता वाहनतळच आहे. कागदोपत्री त्या वाहनतळांना मोठमोठी नावं आहेत, पण भाजीला आलेला माणूस अजून ‘आर्यनला लावली’, ‘मिनर्व्हाला लावली’ असंच सांगतो. त्यातल्या निम्म्या लोकांना तिथं कधी सिनेमा लागत होता, याचा पत्ताही नसतो.

पुण्यातली थिएटरं नाव बदलत जगली. मालक बदलला, करार बदलला की पाटी बदलायची. पडदा, खुर्च्या आणि पुष्कळदा डोअरकीपरही तेच राहायचे. लिमये नाट्यचित्र मंदिराचं विजय झालं. ग्लोबचं श्रीनाथ झालं, पण माझे वडील शेवटपर्यंत ग्लोबच म्हणायचे. डेक्कनवरचं हिंदविजय पुढं नटराज झालं. तिथं आता मॉल उभा आहे. कॅम्पातलं कॅपिटॉल म्हणजे आजचं व्हिक्टरी. २४ जानेवारी १९४३ला याच कॅपिटॉलमध्ये क्रांतिकारकांनी बॉम्ब उडवले आणि गोरे लष्करी लोक मारले गेले. समोर कयानीच्या बिस्किटांसाठी रांगेत उभं राहणाऱ्या पोरांना हे विचारून बघा. नाव बदललं, की त्या नावाखाली घडलेलं शोधायचं कुठं, हे पुढच्या माणसाला कळतच नाही.

प्रभातची गोष्ट ताजी आहे. इमारत इंदूरच्या सरदार किबे यांची. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून १९३३मध्ये पुण्यात आली आणि दुसऱ्याच वर्षी अप्पा बळवंत चौकात हे थिएटर सुरू झालं. मराठी सिनेमा म्हणजे प्रभात, हे समीकरण पुढं पक्कं झालं. २०१४च्या डिसेंबरमध्ये भाडेकरार संपला आणि वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली. नंतर किबे लक्ष्मी या नावानं पुन्हा खेळ सुरू झाले. म्हणजे ८० वर्षांनी तिथला खेळ थांबवला तो कराराच्या तारखेनं, प्रेक्षकानं नव्हे. मालकांना मी दोष देत नाही. ज्याची जागा, त्याचा हक्क. पेठेत जमिनीचे भाव असे चढले, की दिवसाला चार खेळ हाउसफुल्ल गेले तरी त्याच जागेवरच्या दुकानांच्या भाड्याशी बरोबरी व्हायची नाही. त्यात मल्टिप्लेक्सना सरकारनं सुरुवातीची वर्षं करमणूक कर माफ केला आणि आम्ही मात्र तिकिटामागे भरत राहिलो. ते मला आजही खुपतं.

केबिनविषयी लिहिलं नाही तर चैन पडणार नाही. आमच्याकडे दोन मशिनं होती. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी. कांड्या जळत जातात, म्हणून त्यांतलं अंतर सारखं जुळवत राहायचं. जरा ढिलाई झाली की पडदा पिवळा पडलाच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसरं मशिन चालू करायचं आणि दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्याच्यावर घ्यायचं. प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. कधी एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालायची. आमच्याकडे खेळ अर्धा तास आधी सुरू व्हायचा आणि संपलेली रिळं डब्यात घालून पोरगा सायकलवरून दुसरीकडे पळवायचा. गणपतीच्या गर्दीत तो लक्ष्मी रोडवर अडकला की तिकडं शिट्ट्या आणि खुर्च्यांची आदळआपट. या पोरांची नोंद कोण ठेवणार? पुढं सॅटेलाइटवरून सिनेमा यायला लागला, रिळं गेली आणि आमची मशिनं भंगारवाल्यानं किलोवर नेली. नव्या पद्धतीत चित्र सुरेख दिसतं, उगाच खोटं का बोला. पण माणसाचं काम उरलं नाही.

आता मुद्द्याचं. थोरामोठ्यांच्या घरांवर पुण्यात निळे फलक लागले आहेत, चांगलं काम आहे. तसेच फलक थिएटरांच्या जागांवर लावावेत, ही महापालिकेला विनंती. सुरुवात आर्यनच्या वाहनतळापासून करावी. सिनेमे जपायला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेही १९६४पासून. ते सिनेमे लोकांनी जिथं बसून पाहिले, त्या जागांची साधी यादीही लावलेली दिसत नाही.

यादी करायला इतिहाससंशोधक नेमायची गरज नाही. थिएटर चालवायला परवाना लागतो, त्याचं नूतनीकरण लागतं. नाव बदललं, मालक बदलला, खुर्च्या वाढवल्या, सगळं त्या कागदांवर येतं. या फायली सरकारी दफ्तरात कुठं ना कुठं असणार. रद्दीत जाण्याआधी एखाद्या कारकुनाला महिनाभर बसवलं तर काम होईल. मदतीला माझ्यासारखे म्हातारे ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर अजून आहेत. आम्ही फुकट येऊ. आमच्यातलेही कमी होत चालले आहेत, तेव्हा ‘प्रस्ताव विचाराधीन’ असं उत्तर नको.

फलकावर फक्त शेवटचं नाव नको, सगळी नावं क्रमानं हवीत आणि प्रत्येक नावापुढं साल हवं. जागा अपुरी पडली तर उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते झालं, ती ओळ गाळावी.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर,
कसबा पेठ, पुणे