छपाई पुसट नव्हती, रिबन जुनी होती

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला घरगुती संगणकांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या एका फिकट, दातेरी पानाचे छायाचित्र छापून लेखकाने त्या काळी वर्ड प्रोसेसरवर एवढेच जमायचे, असा निकाल देऊन टाकला आहे. ते पान मी भिंगाखाली धरले. ड्राफ्ट मोडमध्ये, म्हणजे झटपट कच्च्या छपाईत काढलेले, शाईची रिबन संपत आलेली, शिवाय दोन्ही कडा सारख्या करण्याच्या हौसेपायी शब्दाशब्दांत भगदाडे पडलेली. यात यंत्राचा काय दोष?

१९८९ पासून मी सदाशिव पेठेत घरी प्रबंध टाइप करून द्यायचे. पीसी-एक्सटी संगणक, वर्डस्टार हा वर्ड प्रोसेसर आणि नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पहिलाच प्रबंध, इंग्रजी, २२० पानांचा, परत आला. विद्यापीठातल्या कारकुनाने एक पान खिडकीच्या उजेडात धरले आणि ‘बाई, हे नुसते ठिपके आहेत’ म्हणत गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आले. चूक माझीच होती, घाईने ड्राफ्टमध्ये काढला होता. ते अजून मनाला लागून आहे.

मग मॅन्युअल घेऊन बसले. पिना रिबनवर आपटून ठिपके उमटवणारा नऊ पिनांचा हेड एका फेरीत उभ्या इंचाला ७२ ठिपके मारतो, मध्ये फटी राहणारच. एनएलक्यू, म्हणजे सुबक छपाईच्या मोडमध्ये कागद केसभर सरकतो आणि दुसऱ्या फेरीत त्या फटी बुजतात. हेड जाता-येता दोन्हीकडून छापू लागला की उभ्या रेघा फाकतात, म्हणून एकाच दिशेने छापायची आज्ञा दिली. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-ओजे दाबून उजवी कड मोकळी सोडली. नवी रिबन सुरुवातीला शाई फासते, ती पाने रद्दीवर काढली. कंटिन्युअस स्टेशनरी, म्हणजे सलग जोडलेल्या कागदांची थप्पी, बाजूला ठेवून बाँड पेपरचा एकेक कागद हाताने लावला. पानाला अडीच मिनिटे. खालच्या बिऱ्हाडाला त्रास नको म्हणून प्रिंटरखाली गोधडीची घडी. अशा दोन रात्री काढल्या आणि तो प्रबंध स्वीकारला गेला. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. लेखकांनी घरी येऊन ती पाहावी, माझी मनापासून विनंती आहे.

मराठीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! वर मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली उकार; एवढे सगळे नऊ पिनांच्या एका फेरीत मावायचे कसे? त्यासाठी २४ पिनांचा प्रिंटर आणि संगणकात बसवून भारतीय लिप्या उमटवणारे, सी-डॅक या सरकारी संस्थेचे जिस्ट कार्ड यावे लागले. एकदा माझ्या प्रिंटरची एक पिन मोडली, ती नेमकी शिरोरेषेवर येणारी. चाळीस पाने निघाल्यावर लक्षात आले, सगळीकडे शिरोरेषा निम्मी उडालेली. ती सगळी पाने मी पुन्हा काढून दिली, जादा पैसे न घेता. अशी कामे त्या वेळी घरोघरी बायकांनी केली आहेत. त्यांचे काम पुसट होते असे छापू नका.

आणखी एक. त्याच पुरवणीत सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ दोन ठिकाणी ‘दर्या’ झाल्या आहेत. दर्या म्हणजे समुद्र. आमच्या वेळी हा ऱ्य काढताना घाम फुटायचा. आज युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, तरी ही चूक का व्हावी? दोन्ही दुरुस्त्या पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक छापाव्यात.

आपली,
एक जुनी वाचक
सदाशिव पेठ, पुणे